बिननावाची हरणं

एमरीकाका रोज सकाळी कॉफीच्या आधी मागच्या ओट्यावर येत. पायात नुसते लोकरी मोजे. शर्टाच्या खिशातून तपकिरीची जुनी चपटी डबी काढत, तिच्यातून बोंडातल्या कापसाची एक म्हातारी चिमटीत धरून उचलत आणि हवेत सोडून देत. मग ती कुठे जाते ते बघत उभे राहत. शिकारीचा हंगाम असो नसो, हा नेम कधी चुकला नाही. जुलैतसुद्धा, जेव्हा बंदुका कपाटात असतात आणि हरणं लोकांच्या परसात येऊन बिनधास्त घेवडा खातात, तेव्हाही काका मोज्यांवर उभे राहून वारा बघत.

कधी म्हातारी डोंगराकडे जाई, कधी आमच्या कुंपणावरून तरंगत माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येई. मी आत भांडी घासत असे.

"आज वारा वरून खाली आहे, नोला," ते ओरडून सांगत. "म्हणजे तुझ्या करपलेल्या पावाचा वास हरणांना जाणार नाही. वाचलीस."

"हरणांना नाही, पण तुम्हाला आला ना? या मग खायला."

"माझे दात पडलेत तेवढे पुरेत."

एमरी सिस्लर हे त्यांचं नाव. सत्तेचाळीस वर्षं सॉ मिलमध्ये काम केलं, आणि एवढ्या वर्षांत डाव्या हाताच्या एका करंगळीचं टोक सोडलं तर करवतीला काही दिलं नाही, असं ते अभिमानाने सांगत. बायको आयोन मी शाळेत असतानाच गेली. मूलबाळ नव्हतं. हिवाळ्यात ते बियाण्यांचा कॅटलॉग एखादी कादंबरी वाचावी तसा पहिल्या पानापासून वाचत, आणि त्यातल्या टोमॅटोच्या वर्णनांवर त्यांचा काडीचा विश्वास नसे. डोंगरावरची वडिलांची तीस एकर जमीन त्यांच्या नावावर होती. एकच भाऊ, लोवेल, तीन वर्षांनी मोठा. तो वरच्या रस्त्याला राहायचा, गाडीने सात मिनिटांवर. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

आमच्याकडे भाऊ भावाशी बोलत नाही यात कुणाला नवल वाटत नाही. पण यांच्या अबोल्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाची बाजू घ्यावी ते कुणालाच ठरवता येत नव्हतं.

डोंगराच्या माथ्यावर एक पांढरा ओक आहे. त्याच्या दोन मुळांच्या बेचक्यात माणूस पाठ टेकून बरोबर बसू शकतो, आणि तिथून खालच्या ओढ्याकडे जाणाऱ्या हरणांच्या तिन्ही वाटा दिसतात. लोवेल बारा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी त्याला तिथे बसवलं. तेव्हापासून ती जागा लोवेलची. जमीन पुढे एमरीच्या नावावर झाली, कारण लोवेलने आपल्या वाट्याला घर घेतलं, पण ओक लोवेलचाच राहिला. असं कुठे लिहिलेलं नसतं. आमच्याकडे माणसाच्या बसायच्या जागेला कागद लागत नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी, हंगामाच्या पहिल्या सकाळी, कोण कुठल्या झाडाखाली असेल हे सगळ्या गावाला माहीत असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखाली बसण्यापेक्षा माणूस घरी राहणं पसंत करतो.

आयोनकाकूंची किडनी गेली त्या वर्षी काकांनी डोंगर शिकारीसाठी तीन वर्षांच्या कराराने शहरातल्या एका क्लबला दिला. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा साठ मैल जायचं, साठ मैल यायचं, मिलमधला पगार त्या दिवसांचा कापला जायचा. पैसे हवे होते. काकांनी सही केली आणि त्यांच्या मनात असं होतं की लोवेलचा ओक अर्थातच त्यात येत नाही. क्लबच्या लोकांना हे सांगायचं असतं हे त्यांना सुचलंच नाही. ओक लोवेलचा आहे ही काय सांगायची गोष्ट आहे?

हंगामाच्या पहिल्या सकाळी लोवेल नेहमीप्रमाणे वर गेला. ओकच्या बुंध्यावर शिकारबंदीची पाटी ठोकलेली होती आणि मुळांच्या बेचक्यात कोऱ्या नारिंगी शिकारी जॅकेटातला एक तरुण घडीची खुर्ची टाकून बसला होता. तो उद्धट नव्हता. त्याने लोवेलला अगदी आदबीने विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे लेखी परवानगी आहे का?"

लोवेलने बंदुकीतल्या गोळ्या काढल्या, खिशात टाकल्या आणि खाली उतरला. त्यानंतर तो त्या डोंगरावर गेला नाही आणि भावाच्या दारातही नाही.

मी चर्चच्या तळघरात दर गुरुवारी होणारं शिधावाटप बघते. डबाबंद घेवडा, पीठ, मसूर, शेंगदाण्याचं लोणी, आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत हरणाचा खिमा. शिकारी ज्यांना नको असलेली किंवा जास्तीची हरणं देतात ती हॉबर्टच्या खाटीकखान्यात जातात. तिथे दानाची सगळी हरणं एकत्र दळली जातात, त्यात गाईची चरबी मिसळतात, आणि पांढऱ्या कागदात बांधलेल्या पाकिटांवर 'दान, विक्रीसाठी नाही' एवढा शिक्का बसतो. कोणाचं हरीण कोणाच्या पिशवीत गेलं हे देवालाही सांगता येणार नाही.

एमरीकाकांची हरणं तेवढी वेगळी दळली जात.

लोवेलच्या फुप्फुसात खाणीतली धूळ साठलेली. सात वर्षांपूर्वी तो झिजत झिजत घरी बसला आणि त्याची बायको व्हर्डी गुरुवारी आमच्या रांगेत उभी राहू लागली. त्याच हिवाळ्यात काका हॉबर्टकडे चार माद्या घेऊन गेले.

"चरबी घालायची नाही," त्यांनी हॉबर्टला सांगितलं. "जाड जाळीतून काढ. आणि त्या बाकीच्या घाणीत मिसळू नकोस."

"फुकटात द्यायचं आणि वर नखरे," हॉबर्ट म्हणाला. "गरिबांना जाड जाळी कशाला रे?"

"गरिबांना दात असतात."

"तुला नाहीत म्हणून तुला कौतुक."

चांगल्या वर्षी कापणावळीचे पैसे दानाच्या निधीतून जात. निधी अर्ध्या डिसेंबरातच संपला की काका स्वतःच्या खिशातून भरत. एका हरणाचे नव्वद डॉलर. मला ते हॉबर्टने सांगितलं, काकांनी नाही.

मला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "तो जाड खिमा आहे ना, ज्यांना आवडतो त्यांना देत जा." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून आतल्या बाजूला काही लागलंय का ते तपासलं. मी व्हर्डीच्या पिशवीत जाड खिमा घालू लागले.

गुरुवारी संध्याकाळी ते रिकामी खोकी न्यायला म्हणून येत. खोकी त्यांना कशालाही लागत नसत.

"मग? लोक काही म्हणाले का मांसाबद्दल?"

"कुठले लोक, काका?"

"लोक. रांगेतले. वरच्या रस्त्याचे वगैरे."

"व्हर्डी म्हणत होती, लोवेल म्हणाला, हे हरीण मारणाऱ्याला मारता येतं. गोळी फासळीच्या मागे बसलीये, खांद्याचं मांस रक्ताळलेलं नाही. आणि पोट लगेच साफ केलंय, वास म्हणून नाही."

काका खोकं उलटं करून त्याचा तळ ठोकत. "खिम्यावरून खांदा कळला होय त्याला? फेकतोय."

"म्हणाला खरं."

"बंदूक चांगली असेल कुणाची तरी," म्हणत आणि खोकी न घेताच निघून जात. त्या रात्री त्यांच्या घरातून तोंडाने वाजवायच्या बाज्याचा आवाज येई. एकच गाणं त्यांना येत होतं आणि तेही अर्धंच.

सहा हिवाळे असं चाललं. मी कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असंही तेव्हा वाटलं नव्हतं. घरात पाण्याचा पाईप असतो तसं ते होतं, भिंतीच्या आत, आपल्या जागी.

फेब्रुवारीत त्याच तळघरात मी म्हाताऱ्या माणसांची करपत्रं भरून देते. कॉलेजात असताना शिकले होते, तेवढं अजून येतं. सहाव्या हिवाळ्याच्या शेवटी काकांची कागदपत्रं चाळताना मला हॉबर्टच्या दोन पावत्या दिसल्या. मग मी माहितीपत्रक उघडलं आणि बोट ठेवून त्यांना दाखवलं. आमचं राज्य दान केलेल्या प्रत्येक बिनशिंगी हरणामागे पन्नास डॉलर करातून सोडतं. चार हरणांपर्यंत.

"दोनशे डॉलर, काका. दर वर्षी तुम्ही पाण्यात घालताय."

"मी विकत नाही ती."

"विकायचं कोण म्हणतंय? कापणावळ तुम्ही भरता, त्यातलं थोडं परत येतं एवढंच."

"नाव लिहावं लागतं?"

"पावतीवर लागतं. तुमचं नाव, परवान्याचा नंबर, कोणत्या हरणाचं किती मांस निघालं. ते तुमच्यात आणि सरकारात. आणि माझ्यात."

"तीन म्हणजे झाली की जत्रा."

मी ऐकलं नाही. मला वाटत होतं की मी त्यांचं भलं करते आहे, आणि एखाद्याचं भलं करताना माणूस किती चिवट होतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांच्या ओट्याचं छप्पर गळत होतं, तो विषय मी काढून पाहिला. छपराचं त्यांना काही वाटलं नाही. मग मी म्हणाले, "दोनशे डॉलरमध्ये आणखी दोन हरणं कापून होतील."

 जाड खिम्याची डिसेंबरची पाकिटं फेब्रुवारीच्या मध्यावर संपतात हे त्यांना माहीत होतं. आणखी दोन हरणं म्हणजे मार्च.

"दोन?" त्यांनी विचारलं.

"पुरती दोन."

"हॉबर्टला सांगून बघतो मग," ते म्हणाले.

त्या वर्षीच्या डिसेंबरात हॉबर्टने सगळं नीट केलं. फार नीट केलं. प्रत्येक हरणाच्या मागच्या पायाला नावाची चिठ्ठी बांधली, वेगळं वजन केलं, वेगळ्या परातीत ठेवलं, म्हणजे पावतीवर खोटं काही जायला नको. आणि मग, परातीवर नाव आहे म्हटल्यावर, इतर गिऱ्हाइकांच्या पाकिटांवर तो तीस वर्षं लिहीत आला होता तसं, त्याने प्रत्येक पाकिटावर निळ्या पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ए. सिस्लर. शेजारी दानाचा शिक्का.

गुरुवारी सकाळी खोकी माझ्यापुढे आली. मी पहिलं पाकीट उचललं आणि बघितलं.

माझ्याकडे वेळ होता, हे मला सांगितलं पाहिजे. रांग दहाला सुरू होते, तेव्हा साडेनऊ झाले होते. टेबलावर जाड काळा पेन होता, तो मी उचलला आणि एकामागून एक नावावर पट्टा ओढत गेले. पंचवीस तरी पाकिटं मी अशी काळी केली असतील. मग व्हर्डीच्या पिशवीत घालायची दोन पाकिटं हातात आली.

मला वाटलं, किती दिवस? एक सत्याहत्तरचा, एक ऐंशीचा. एकाच्या नाकात नळी. दोघांपैकी कुणीही उद्या जाईल आणि मग हा ओट्यावरचा म्हातारा म्हाताऱ्या उडवत बसेल. समजू दे की लोवेलला. नाव वाचेल, चिडेल, मग खाईल, मग फोन करेल. असं मी डोळ्यांपुढे सगळं बघितलं, अगदी फोनची रिंगसुद्धा. मी पेनाचं टोपण लावलं आणि ती दोन पाकिटं तशीच पिशवीत घातली.

पुढच्या गुरुवारी व्हर्डी रांगेच्या शेवटी उभी होती. सगळे गेल्यावर तिने तीच पिशवी टेबलावर ठेवली. पाकिटं न उघडलेली, गोठून दगड झालेली.

"लोवेल म्हणाला, परत दे."

"दुसरी देते, चरबीवाली."

"नको. यापुढे इथलं काहीच आणू नकोस म्हणाला." ती हातमोजे घालत राहिली, बोट चुकीच्या खाचेत जात होतं. "मसूरसुद्धा नको म्हणाला, नोला. मसुराने काय केलंय?"

काका नेमके तेव्हाच जिन्यावरून उतरत होते. खोकी न्यायला. त्यांनी व्हर्डीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, त्यातल्या पाकिटावरच्या निळ्या अक्षरांकडे बघितलं. व्हर्डीने मान हलवून नमस्कार केला आणि ती त्यांच्या बाजूने वर निघून गेली. काकांनी पाकीट हातात घेतलं. अंगठ्याने नाव पुसायचा प्रयत्न केला. मेणकागदावरची पेन्सिल पुसली जात नाही.

"हॉबर्टचा हात," ते म्हणाले. "तीस वर्षांची सवय. लिहिल्याशिवाय राहवत नाही गाढवाला."

 काळ्या पट्ट्यांची पाकिटं लोकांच्या घरी गेली होती, ती बघायला काका येणार नव्हते.

मी जानेवारीपासून लोवेलच्या घरी स्वतः शिधा न्यायला लागले. व्हर्डीला फोनवर सांगितलं की चर्चने आजारी माणसांसाठी घरपोच सोय केली आहे. चर्चने काहीही केलं नव्हतं. लोवेल खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असे, पायाशी प्राणवायूचं यंत्र घरघरत असे. मी पिशवी ठेवली की तो काठीने ती स्वतःकडे ओढून आतली एकेक वस्तू बाहेर काढी.

"त्याचं काही नाही ना यात?"

"नाही, लोवेलकाका."

"शपथ?"

"चर्चमधून आणलंय, शपथ कसली."

"चर्चमधूनच आलं होतं तेही." त्याने एक पुडी वर धरली. "हे काय? परत मसूर? मसूर कोण खातं?"

"तू खातोस," व्हर्डी स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि आजपासून जास्त खाणार आहेस, तेव्हा तोंड बंद."

"पंचावन्न वर्षं ही बाई मला तोंड बंद म्हणतेय, आणि धाप लागल्यावर हीच विचारते, बोलत का नाहीस."

तिसऱ्या खेपेला व्हर्डी मला गाडीपर्यंत सोडायला आली. अंगात लोवेलचा कोट, बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या.

"तुला एक सांगते," ती म्हणाली. "त्याला माहीत होतं."

"काय?"

"कुणाचं आहे ते. पहिल्या नाही तरी दुसऱ्या हिवाळ्यात. जाड खिमा, चरबीचा कण नाही. त्यांची आई तसाच करायची, हातयंत्रात. या खोऱ्यात दुसरं कोण हॉबर्टला तसं करायला सांगणार? पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. मला म्हणाला, व्हर्डी, हे कोण पाठवतं ते कुणाला विचारू नकोस. मी विचारलं नाही. मग जेवला. पाच वर्षं जेवला, आणि प्रत्येक वेळी मारणाऱ्याचं कौतुक करायचा, मी तुझ्यापाशी बोलेन हे माहीत असल्यासारखं."

मी गाडीच्या दारावर हात ठेवून उभी होते.

"नाव नव्हतं तोवर त्याला खाता येत होतं," व्हर्डी म्हणाली. "नाव आल्यावर काय करणार बिचारा? त्या दिवशी माझा भाचा जेवायला बसलेला, त्यानेच पाकीट उचलून मोठ्याने वाचलं. मी आधी बघितलं असतं ना, तर कागद चुलीत घातला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. घाईत होते. माझंच चुकलं."

तिचं चुकलं नव्हतं. मी तिला तसं म्हणाले, पण त्यापुढचं वाक्य म्हणाले नाही.

फेब्रुवारीत काका करपत्रासाठी आले. पावाच्या रिकाम्या पिशवीत पावत्या आणल्या होत्या. चार हरणं, चार नंबर, चार वजनं, सगळीकडे त्यांचं नाव. मी आकडे भरत होते आणि ते शेजारच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

"हे खोडता नाही येत?"

"येतं. पण का खोडायचं? पैसे तुमचे आहेत."

"मी विकलं असं दिसतं ते."

"विकलं नाही, काका. दिलं असं लिहिलंय."

"दिलं असंही लिहायला नको होतं," ते म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. मग आपणहून बोलू लागले. ते जास्त बोलणारे नव्हते, म्हणून मी पेन खाली ठेवला.

"क्लबची मुदत संपली ना, त्या दिवशी मी वर गेलो. सगळ्या पाट्या काढल्या. ओकचे खिळे उपसले, भोकांत डिंक भरला. मनात म्हटलं, येईल तेव्हा बघेल. जागा रिकामी आहे, बघेल. सोळा वर्षं मी त्या झाडाखाली बसलो नाही की कुणाला बसू दिलं नाही." त्यांनी टोपी फिरवली. "पण जो येतच नाही तो बघणार कुठून? सात मिनिटांचा रस्ता. जाऊन सांगायचं होतं, ये बाबा, झाड मोकळं आहे. एवढंच वाक्य. ते राहिलं. मग हरणं सोपी वाटली."

तेव्हा मला सांगता आलं असतं. त्याला माहीत होतं, काका, कधीपासूनच माहीत होतं आणि तो खात होता. हे ऐकून ते कसे दिसले असते याची मी पुष्कळदा कल्पना केली आहे. पण ते सांगायचं तर पुढे सांगावं लागलं असतं की हॉबर्टच्या हाताने जे केलं ते माझा हात पुसू शकत होता, पंचवीस वेळा पुसलं होतं, आणि दोनदा मुद्दाम पुसलं नाही. मी मनाशी म्हटलं, आज नको. आज ते आधीच खचलेत. एखाद्या बऱ्या दिवशी सांगू.

"इथे सही," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. मिलमधल्या माणसाची सही, प्रत्येक अक्षर ओळखू येणारी.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी ते स्वयंपाकघरात टेबलापाशी बसल्या बसल्या गेले. सकाळी ओट्यावर दिसले नाहीत म्हणून मीच जाऊन दार उघडलं. अंत्यविधीला सॉ मिलमधले सगळे आले. व्हर्डी आली, तिसऱ्या रांगेत बसली. लोवेल बाहेर गाडीत थांबला होता, मांडीवर प्राणवायूची लहान नळकांडी. मी बाहेर गेले तेव्हा त्याने काच खाली केली. थोडा वेळ त्याला दम जमवायला लागला.

"या वर्षी किती मारली त्याने?"

"चार."

"सगळ्या माद्या?"

"सगळ्या."

तो चर्चच्या दाराकडे बघत राहिला. "बरोबर आहे," म्हणाला. "खायला मादीच बरी." मग काच वर केली.

पण काका गेले त्याच्या आदल्या गुरुवारचं मला लिहायचं आहे. रात्री पुन्हा बर्फ पडला होता. काका तळघरात मालाचा ट्रक रिकामा करायला मदत करत होते. आता ते खोकी मागत नसत, आणि लोक काय म्हणाले ते विचारत नसत. बटाट्यांच्या गोण्या भिंतीला लावत आणि जात. त्या दिवशी मी ठरवून आले होते. सगळं सांगायचं, पेनासकट. लोवेलची पिशवी भरून झाली होती, अंगात कोट होता, किल्ली हातात होती.

"एमरीकाका, थांबा जरा. तुम्हाला एक सांगायचं होतं."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी बघितली. कुणाची ते त्यांना कळत होतं, मी घरपोच पिशवी एकाच घरी नेत असे, आणि मसूर वरच दिसत होते. त्यांनी ती माझ्याकडून घेतली, टेबलावर ठेवली, आणि आतलं सगळं बाहेर काढून पुन्हा भरलं. डबे खाली, पीठ मधे. अंड्यांचा खोका वेगळा काढून माझ्या हातात दिला. मग खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघितलं.

"आत्ता निघू नकोस," ते म्हणाले. "त्या वरच्या वळणावरचा बर्फ दुपारपर्यंत काढत नाहीत. जेवून जा. आणि अंडी पुढच्या सीटवर ठेव, मागे फुटतात."